बधन्यातलं गार पाणी

मेलेल्या माणसाला पाणी गार लागतं का?

हा प्रश्न मकदूमनं त्या दिवशी चौघांना विचारला. चौघांनीही सरळ उत्तर दिलं नाही. मी त्याच्या हातातच होतो, म्हणून मला ठाऊक.

मी बधना. तुमच्या घरी तांब्या असतो ना, त्याचाच मी भाऊबंद. पोट जरा मोठं, गळा अरुंद आणि कुशीतून निघालेली बगळ्याच्या मानेसारखी तोटी. उदगीरला मकदूमच्या घरी मोरीजवळच्या कोनाड्यात माझी जागा आहे. घरातली बोली दखनी. मी तुम्हाला मराठीत सांगतो, पण एखादं वाक्य त्यांच्याच बोलीत ठेवीन. काही पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं की चव बदलते.

माझा जन्म नांदेडचा. ग्यानोबा नावाच्या तांबटानं पत्रा ठोकून ठोकून माझं पोट काढलं, आतून कल्हई केली आणि शेवटी तोटी जोडली. तोटीचं तोंड त्यानं मुद्दाम बारीक ठेवलं. बाजूला बसलेल्या शिकाऊ पोराला तो म्हणाला होता, "ह्या लोकांच्या भांड्याची धार बारीक पायजे. नदीच्या काठावर बसले तरी पाणी सांडू न्हाई, असं हाय त्यांच्यात." ग्यानोबा कधी मशिदीत गेला नव्हता. तरी त्यांच्या धर्मातली एक गोष्ट त्यानं माझ्या तोंडातच घडवून ठेवली.

हिमायतनगरच्या एका बापानं मला विकत घेतलं आणि लेकीबरोबर सासरी पाठवलं. ती हुसेनबी. उदगीरच्या त्या दोन खोल्यांत मी तिच्या पेटीतून उतरलो.

सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं दिवसभर काहीतरी फार घाण काम करत असावीत. पहाटे उठले की हात धू, चूळ भर, नाकात पाणी घे, तोंड धू, कोपरापर्यंत हात धू, ओला हात डोक्यावरून फिरव, घोट्यापर्यंत पाय धू. याला ते वजू म्हणतात. दुपारी पुन्हा तेच. ऊन कलल्यावर, दिवस मावळल्यावर आणि निजण्याआधी पुन्हा तेच. पण पहाटे तर हात स्वच्छच असायचे. मग हे कुणाला भेटायला चाललेत, एवढे नीटनेटके होऊन?

मी भिंतींवर शोधलं. कुणाची तसबीर नव्हती. मूर्तीही नव्हती. मशिदीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर नुसती अक्षरं. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्यांचा जो आहे त्याला रूपच नाही. तो एकच, त्याच्यासारखा दुसरा नाही, त्याला आई-बाप नाहीत, लेकरू नाही. जो दिसत नाही, त्याच्यापुढं दिवसातून पाच वेळा कोपरापर्यंत हात धुऊन उभं राहायचं, याचं मला नवल वाटायचं. अजून वाटतं.

हुसेनबीला दोन मुलगे. थोरला चाँदपाशा, धाकटा मकदूम. दोघांत चांगलं चौदा वर्षांचं अंतर. मकदूम रांगत होता तेव्हा बाप गेला. मग थोरला भाऊच बाप झाला. धाकट्याला मोरीत बसवून तो माझ्यानं आंघोळ घालायचा. आधी पाण्याची धार स्वतःच्या कोपरावर धरायचा, मग पोराच्या पाठीवर सोडायचा आणि विचारायचा, "ठंडा लगरा क्या रे?"

पोरगं कधी हो म्हणायचं, कधी नाही. बहुतेक वेळा उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न विचारायचं. एकदा म्हणालं, खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, एक चांगलं लिहितो, एक वाईट, मग आंघोळीत ते भिजत नाहीत का? आणि त्यांचे कागद?

चाँदपाशानं हसून मला खाली ठेवलं. म्हणाला, ते उजेडाचे असतात. खिडकीतून ऊन आत येतं, त्यावर पाणी टाकून बघ, ऊन भिजतंय का. मकदूमनं लगेच चुळकाभर पाणी उन्हाच्या पट्ट्यावर उडवलं. फरशी भिजली. ऊन होतं तसंच राहिलं.

मकदूम चौथीनंतर शाळेत गेला नाही. चाँदपाशा गमतीनं सांगायचा, मास्तर प्रश्न विचारणार आणि पोरांनी उत्तरं द्यायची, ही उलटी रीत आमच्या मकदूमला पटली नाही. पोरगं तापटही तेवढंच होतं. माझ्या पोटावर हा पोचा दिसतो ना, तो त्याचाच. जत्रेला नेलं नाही म्हणून त्यानं मला भिंतीवर फेकलं. चाँदपाशा त्याला रागावला नाही. लाकडी हातोडी आणून त्याच्याच हातात दिली आणि म्हणाला, आता सरळ कर. अर्धा पोचा निघाला. अर्धा अजून आहे.

चाँदपाशाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची. मकदूम हाताखाली होता. एकदा शेजारच्या मलप्पाची मोटार आली. मलप्पा लिंगायत, शेती गावाबाहेर, घर मात्र भिंतीला भिंत. पिकाला पाणी पाहिजे म्हणून तो दारात घिरट्या घालत होता. मकदूमनं घाईत थोडी जुनी तार आत भरली, वरून वार्निश मारलं. संध्याकाळी घरी वजू करताना चाँदपाशानं त्याला विचारलं, आणि त्यानं सांगूनही टाकलं. वर म्हणाला, "कोण उघडून बघणार हाय?"

चाँदपाशाचे हात माझ्या धारेखाली थांबले. "माझ्या खांद्यावर दोघं बसलेत," तो म्हणाला. "त्यांना उघडून बघावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोटार उघडली आणि सगळी तार नव्यानं भरली. मलप्पाला उशीर झाला, तो कुरकुरला. नंतर त्याला कारण कळलं. मग ही गोष्ट त्यानंच बाजारात चारचौघांना सांगितली. देवणी, जळकोटपासून लोक मोटारी घेऊन येऊ लागले ते त्यानंतर. न दिसणाऱ्या दोघांच्या भरवशावर एवढ्या गावांतली पिकं पाणी पीत होती, याचंही मला नवल वाटतं.

रमजानचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात रोजा आला की दुपारी घसा लाकडासारखा व्हायचा. वजूला मी भरलेला हातात. चूळ भरायला पाणी तोंडात घ्यायचं आणि थेंबन् थेंब बाहेर टाकायचा. मोरीचं दार लोटलेलं, बघायला कुणी नाही. एक घोट गिळला तर कुणाला कळणार? मी दरवेळी टक लावून बघायचो. एकदाही गिळला नाही. आणि ईदच्या सकाळी नमाजेला निघण्याआधी गव्हाची पिशवी गल्लीतल्या गरीब घरी पोचायचीच. त्या घरची चूल पेटल्याशिवाय आपली ईद होत नाही, असं हुसेनबी सांगायची.

मधली काही वर्षं मी माळ्यावर होतो. घरात नळ आला, प्लॅस्टिकचा जग आला. माझी कल्हई उतरली, तोटीत कोळ्यानं घर केलं. मग लातूरकडं पाण्याची बोंब झाली, गल्लीत टँकर यायला लागले. तेव्हा चाँदपाशानंच मला खाली काढलं. चिंच आणि राखेनं घासलं. कल्हईवाला आता कुठं येतो? त्यानं दुकानातल्या कथलानं स्वतःच माझं पोट पांढरं केलं. म्हणाला, नळानं वजू केली तर बादली जाते, ह्याच्यात सगळ्या घराची होते.

या मे महिन्यात एका दुपारी तो दुकानातून आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. चौरंगावर बसला, मला उचललं, वजूला सुरुवात केली. हात झाले, तोंड झालं, डोक्यावरून ओला हात फिरवला. उजवा पाय धुतला. मग त्यानं मला हळूच खाली ठेवलं. कधी नाही ते त्यानं मला वाकडं ठेवलं. छातीवर हात दाबून तो भिंतीला टेकला.

डावा पाय कोरडाच राहिला.

मकदूम दारातून धावत आला. मलप्पाच्या जीपमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं. परत आणलं तेव्हा चेहऱ्यावर चादर होती.

मकदूमनं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. मशिदीचे मौलाना आले, त्यांनी त्याला मागून मिठी मारून धरलं. म्हणाले, डोळ्यांना रडू दे, मनाला दुखू दे, त्याला बंदी नाही. फक्त तोंडानं तक्रार नको. आपण अल्लाचेच, त्याच्याकडेच जायचंय. मकदूम थांबला, पण ते बोलणं त्याच्या आत गेलं की नाही, मला कळलं नाही.

आता मयताला गुस्ल द्यायचं होतं, म्हणजे शेवटची आंघोळ. गल्लीत हे काम रहेमतचाचा करतात. म्हातारे, शांत, जुना हात. ते बाही सरसावत होते, तोच मकदूम पुढे झाला. म्हणाला, मी घालणार. मीच घालणार.

बायकामाणसांत कुजबुज झाली. पोरगं आडदांड, शिकलेलं नाही, दुवा धड येत नाही, हातून काही चुकलं तर? त्याची खाला, म्हणजे मावशी, खैरूनबी तर स्पष्टच म्हणाली, ह्याला बाहेर न्या, हा मयताला धक्का लावील. मकदूमचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं, आता हा काहीतरी फेकणार.

तेव्हा हुसेनबी बोलली. "सगळ्यात जवळच्याचा पहिला हक असतो," ती म्हणाली. "त्यालाच करू द्या."

रहेमतचाचांनी मान हलवली. म्हणाले, मी सांगतो, तू कर.

खैरूनबीनं बाजारातून नव्या मातीच्या घागरी आणवल्या होत्या. आमच्याकडे पुष्कळ घरांत अशी रीत आहे. मयताच्या आंघोळीचं भांडं पुन्हा घरात वापरायचं नाही. घागरी फोडायच्या, तांब्या-पितळेचं असेल तर देऊन टाकायचं. नाहीतर मौत भांड्याबरोबर घरात राहते म्हणतात. मकदूमनं घागरींकडे बघितलंही नाही. कोनाड्यातून मला उचललं. खाला ओरडली, अरे तो रोजचा आहे, मग तो घरात येणार नाही. पण तोवर मी पाण्यात बुडालो होतो.

अंगणात चादरींचा आडोसा, मध्ये तख्त. बोरीचा पाला घालून पाणी कोमट केलेलं. मकदूमनं पहिली धार सोडली ती भसकन. रहेमतचाचांनी त्याचं मनगट धरलं. "हळू. जित्या माणसाला घालतोस तसं."

मकदूम थांबला. मग त्यानं माझी तोटी स्वतःच्या कोपरावर धरली. पाणी कसं आहे ते बघितलं. आणि चाचांना विचारलं, "चाचा, मेलेल्या माणसाला गार लागतं का?"

चाचा म्हणाले, "तू घाल."

आडोशाबाहेर मौलाना उभे होते. मकदूमनं चादरीतूनच त्यांना विचारलं. ते म्हणाले, मेलेल्याचं हाड मोडणं हे जित्याचं हाड मोडण्यासारखंच, असं आपल्याला शिकवलंय. म्हणून हात हलका ठेव. पुढचं अल्ला जाणे. मकदूमला वाटलं, हे आपल्या हाताबद्दल झालं. भाईबद्दल काय?

आधी वजू घालायची असते. हात, तोंड, मग उजवा पाय. मग डावा. तिथं मकदूमचा हात थांबला. हा पाय कोरडा राहिला होता हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानंच मला त्या वाकड्या जागेवरून उचललं होतं. टाचेला तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा चिकटला होता. त्यानं तो नखानं काढला. मग बोटांच्या बेचक्यांतून, घोट्याभोवती, सावकाश धार फिरवली. एवढा धसमुसळा पोरगा, पण आडोशाच्या चादरीवर एक शिंतोडा उडाला नाही.

आंघोळ घालताना त्याला भावाच्या अंगावर काहीतरी दिसलं. इतक्या वर्षांत ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं दचकून चाचांकडे बघितलं. चाचांनी बोट ओठांवर ठेवलं. आंघोळ घालणाऱ्यानं जे पाहिलं ते कुणाला सांगायचं नसतं. ती अमानत असते, विश्वासानं सोपवलेली ठेव. जो दुसऱ्याचं झाकतो त्याचं वरचा झाकतो. मीही तिथं होतो, मीही पाहिलं. तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही.

शेवटचं पाणी कापराचं. मग तीन पांढरी कापडं. खिसा नाही, गुंडी नाही. कपाळाला, नाकाला, तळव्यांना, गुडघ्यांना आणि पायांना कापूर लावला, सजद्यात, म्हणजे नमाजेत माथा टेकताना, जिथं जिथं जमीन लागत होती तिथं तिथं. आईला तोंड दाखवायला बोलावलं तेव्हा मकदूमनं तिला तोच प्रश्न विचारला. अम्मा, ह्याला गार लागलं असेल का गं? हुसेनबीनं पदर तोंडावर ओढला आणि आत गेली.

जनाजा उठला. कबरस्तानाशेजारच्या मैदानात रांगा लागल्या. मकदूमनं मला रिकामाच काखेत मारलं होतं. रांगेत अडत दुकानदाराच्या खांद्याला हमालाचा खांदा लागला होता. कुणी कुणाला पुढं जा म्हटलं नाही. ह्या नमाजेला अजान नसते. जन्मल्यावर कानात अजान देतात, तिचीच ही नमाज, असं म्हणतात. मलप्पा आणि त्याचा भाऊ शिवशंकर बाजूला डोक्यावर रुमाल टाकून उभे होते. वाटेत दोघांनीही खांदा दिला होता.

कबर तयार होती. मकदूमनं मलप्पालाही विचारलं, मामा, गार लागतं का? मलप्पा म्हणाला, "आमच्यात बसवून पुरतात, तुमच्यात निजवून. माती तीच." आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

त्यानंतरचं आधी सांगतो, कबरीचं राहू द्या.

घरी आलो तेव्हा चूल पेटली नव्हती. अशा घरी तीन दिवस शेजारी जेवण पोचवतात. मलप्पाच्या बायकोनं, दानम्मानं, भाकरी आणि वरण आणून ठेवलं होतं. खैरूनबी दारातच आडवी झाली. हा बधना आत नको, मशिदीत देऊन टाक. मकदूम मला छातीशी धरून उभा.

"ज्या हातानं आंघोळ घातली तो हात कुठं फेकू, खाला?"

खालानं चौकट धरली. मौलाना मागून आले होते, तेही म्हणाले, भांड्याला मौत चिकटत नाही. प्रत्येकाची वेळ लिहिलेली असते, ती बधन्यात बसून येत नाही. ही रीत आपल्या लोकांनी लावून घेतली, दीनमध्ये, म्हणजे धर्मात, ती नाही. खाला तरी दार सोडेना. तेवढ्यात आतून हुसेनबीचा आवाज आला. असरची, म्हणजे ऊन कलल्यावरच्या नमाजेची वेळ झाली होती. ती मोरीत येऊन बसली आणि दोन्ही हात पुढं केले. "बधन्यानं घाल," ती म्हणाली. मकदूमनं मला भरलं आणि आईच्या हातांवर धार धरली.

तेव्हापासून मी पुन्हा माझ्या कोनाड्यात आहे. दुकान आता मकदूम चालवतो. जुनी तार हातात आली की एक क्षण खांद्याकडे बघतो, मग बाजूला फेकतो. वजूला पाच वेळा येतोच असं नाही. येत नाही तेव्हा हुसेनबी मला मुद्दाम उंबऱ्यात ठेवते, म्हणजे तो ठेचकाळतो. मग शिव्या घालतो, आणि वजू करतो.

माझी कल्हई पुन्हा झिजत आलीय. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं एखादं भांडं असेल तर त्याला खाली काढा, घासा. आणि कुणाला मकदूमच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असेल तर उदगीरला येऊन त्याला सांगा. तो आता कुणाला विचारत नाही, पण पाणी अजून कोपरावर धरूनच बघतो.

आता कबरीचं.

सगळ्यांनी तीन तीन मुठी माती टाकली. याच मातीतून केलं, याच मातीत परत, असं म्हणत म्हणत. कबरीचा उंचवटा झाला. वर पाणी शिंपडायचं असतं, डोक्यापासून पायांपर्यंत. फाटकाजवळ पाण्याचा पिंप होता. मकदूमनं मला त्यात बुडवलं, तोटी कोपरावर धरली आणि हात झटकला. दिवसभराच्या उन्हानं पाणी कढत झालं होतं.

लोक म्हणाले, घाल रे, माती आहे ती, माणसं उन्हात खोळंबलीत. मकदूमनं ते पाणी फाटकाजवळच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि पळत सुटला. चप्पल कबरीपाशीच राहिली. रस्त्यापलीकडच्या पाणपोईत ओलं पोतं गुंडाळलेला रांजण होता, तिथून त्यानं मला भरलं. आम्ही परत येईपर्यंत मौलाना हात वर करून लोकांना थांबवून उभे होते.

माझ्या अंगावर बाहेरून दव धरलं होतं. त्यानं कबरीच्या डोक्याकडून धार धरली, बारीक, ग्यानोबानं दिली होती तशी. माती पाणी पीत गेली. पायथ्याशी आल्यावर तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला,

"भाई, ठंडा लगरा क्या?"

मग माझ्या तळाशी राहिलेलं पाणीही त्यानं भावाच्या पायांकडच्या मातीवर ओतलं.